कारंज्याजवळची बाई

बायको, गजराबाई, वारल्यानंतर सखाहरी ढवळेला ती पहिल्यांदा दिसली ती इटलीत, एका गोऱ्या भाजीवाल्याशी लाल कोबीवरून भांडताना.

"असला कोबी असतो व्हय कुठं? रंगात बुडवून आणलाय," ती म्हणत होती.

"बाई, हा याच मातीतला आहे," भाजीवाला पुस्तकी मराठीत म्हणाला.

"असंल. म्हणून काय माझ्या पिशवीत घालायचा?"

सखाहरीने दुर्बिणीवरचा डोळा काढला. कानातलं यंत्र काढायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. तो बाकावर बसला आणि शेजारी उभ्या असलेल्या संग्रहालयातल्या मुलीला म्हणाला, "तीच हाय."

आमच्या हिरडगडच्या राजाने विलायतेच्या फेरीत काही चित्रं आणली होती. संस्थान गेलं, राजा गेला, चित्रं टेकडीवरच्या संग्रहालयात राहिली. त्यातलं एक मोठं होतं, दाराच्या फळीएवढं. इटलीतल्या व्हेरोना शहरातला भाजीबाजाराचा चौक. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेला, चित्रकाराचं नाव कुणाला माहीत नाही. मधोमध कारंजं आणि त्यावर एका बाईचा दगडी पुतळा. भोवती पांढऱ्या छत्र्यांखाली भाज्यांची दुकानं. एका अंगाला उंच मनोरा, टोकाला दगडी वाडा, आणि डाव्या हाताला, चौकट संपते तिथेच, एक अरुंद गल्ली. गावात त्याला 'राजाचं मार्केट' म्हणत. शाळेची पोरं वर्षाकाठी एकदा येत, खिदळत आणि जात. बाकी कुणी फिरकत नसे.

त्या काळचे चित्रकार असली चित्रं नुसत्या अंदाजाने काढत नसत. ते माडीवरच्या खिडकीत एक अंधारी पेटी मांडून बसत. पेटीला भिंग असे. भिंगातून समोरच्या चौकाचं बिंब आत कागदावर पडे आणि चित्रकार त्यावरून पेन्सिल फिरवून घेई. त्यामुळे प्रत्येक खिडकी, प्रत्येक कमान जिथे होती तिथेच उतरली. पण पेटीत एक खोट होती. जे हलतं ते तिच्यात धरता येत नसे. पेन्सिल टेकवेपर्यंत माणूस पुढे गेलेला असे. म्हणून अशा चित्रांतली माणसं चित्रकार मागाहून, घरी बसून, मनाने घाली. घरं खरी, माणसं उसनी.

आता जे यंत्र निघालं ते रंगाच्या खाली पाहू शकतं. त्याचे किरण रंगाच्या थरातून जातात आणि तळाची पेन्सिलीची रेघ वाचतात. रेघांवरून कोणतं घर किती लांब हे कळतं, सावल्यांवरून सूर्य कुठे होता ते कळतं. एवढं कळलं की यंत्र अख्खा चौक उभा करतं. संग्रहालयाने मूळ चित्राच्या समोरच्या भिंतीवर तेवढाच मोठा पडदा लावला. त्यात सकाळ व्हायची, उन्हं सरकायची, छत्र्या वाऱ्याने हलायच्या. चित्रकाराने जे काढलं नाही ते मात्र यंत्रही करत नसे. घरांच्या मागे काही नव्हतं. चौकटीच्या पलीकडेही काही नव्हतं.

आणि मग कुणाच्या तरी मनात आलं की माणसं इथे पहिल्यापासून उसनीच आहेत, तर ती आपली का नसावीत?

माणूस गेला तरी हल्ली त्याचं पुष्कळ मागे राहतं. फोनमध्ये आवाज राहतो, लग्नाच्या चित्रफितीत चाल राहते, कुणाला काय म्हणाला ते राहतं. ते सगळं यंत्राला दिलं की यंत्र त्यातून त्या माणसाची वागणूक शिकतं आणि बोटाएवढा माणूस चौकात सोडतं. संग्रहालयात त्यांना 'रहिवासी' म्हणत. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून चित्रातल्या भाजीवाल्यांनाही यंत्राने पुस्तकी मराठी शिकवली होती. रहिवाशाला माहीत नसतं की तो रहिवासी आहे. त्याला चौक हाच मुलूख. त्याला दुर्बिणीतून बघायचं, कानात यंत्र घालून ऐकायचं. आपला आवाज आत सोडायचा नाही हा नियम होता, कारण सुरुवातीला लोकांनी हाका मारमारून आतल्यांना वेडं करायची पाळी आणली होती.

गजराबाईला चित्रात घालायची कल्पना लेकीची, शैलाची. ती सुरतेला असते. आईचे सगळे आवाजी निरोप तिने जपून ठेवले होते. बापाला आवडणार नाही म्हणून तिने ते परस्पर पाठवले आणि मग फोन केला. सखाहरी तिला वाटेल तसं बोलला. "मेल्या माणसाचा खेळ मांडलायसा व्हय?" म्हणाला. आठवडाभर गेला नाही. मग एकदा सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टेकडी चढला.

त्यानंतर तो रोज चढू लागला.

सखाहरी वीज मंडळात वायरमन होता. जन्म खांबावर गेला. कुठे तार तुटली की जेवणावरून उठायचं. बोलायला त्याला कधी फार लागलं नाही आणि गजराबाईला बोलायला कधी कमी पडलं नाही, असा तो संसार. आता घरात रेडिओसुद्धा लागत नव्हता. शेजारीपाजारी विचारत, "जेवलासा का?" तो "हो" म्हणे, आणि दिवसभराचं बोलणं तिथे संपे.

चित्र बघायला लागल्यापासून त्याला घरी सांगायला काहीतरी मिळालं, पण सांगायला घरी कुणी नव्हतं. म्हणून तो श्रावस्तीला सांगे. श्रावस्ती कांबळे, यंत्रावरची मुलगी. शिकलेली, तोंडाळ आणि मनाने बरी.

"पोरी, आज तिनं त्या मास्तरणीला कोबी कसा निवडायचा ते शिकवलं."

"मी पाहिलं. आणि आजोबा, मास्तरणीबाईंनी तो परत ठेवला."

"ठेवंल की. बामणाला कोबी कुठला कळतोय."

मास्तरीण म्हणजे वत्सलाबाई, गावच्या शाळेतल्या. त्याही वारलेल्या, त्याही रहिवासी. गजराबाई सकाळी दुकानं हिंडे, वत्सलाबाईंशी बोले, छत्रीखाली बसून पाणी पिई. मग पिशवी भरली की कारंज्याजवळ जाऊन उभी राही. चौकावर अंधार पडला की पडदा मावळे. दुसऱ्या सकाळी पुन्हा बाजार सुरू.

सखाहरीला त्यात वावगं दिसलं नाही. आमच्या बाजारच्या दिवशीही ती अशीच उभी राहायची, पोस्टासमोरच्या लिंबाखाली. तो कामावरून सुटला की तिथे यायचा आणि मग दोघं घरी जायची. कधी तार तुटलेली असली की तिला तिन्हीसांज व्हायची. कधी तक्रार केली नाही.

पण दसरा उलटला तशी ती कारंज्याजवळ लवकर येऊ लागली. आधी दुपारी यायची, मग सकाळीच. भाजीवाले हाका मारत, तिचं लक्ष नसे. मग तर ती दुकानांकडे फिरकेनाशी झाली. पडदा उजळला की ती कारंज्याजवळच उभी. आल्यागेल्या प्रत्येकाला विचारी.

"आमच्याकडचे दिसले का हो कुठं?"

"कोण?" लोक विचारत.

"ते हो."

"नाव सांगा की, बाई."

त्यावर ती पदर तोंडाला लावून हसे आणि मान हलवी. लोक पुढे जात. मग तिचं हसूही गेलं. नाव सांगा म्हटलं की ती नुसती बघत राही.

"हे असं का होतंय गं?" सखाहरीने विचारलं.

श्रावस्तीने गजराबाईच्या निरोपांचं सगळं भांडार उघडून पाहिलं. मग म्हणाली, "आजोबा, आजींचा प्रत्येक निरोप एकाच वाक्यावर संपतो. 'ठेवते गं, ह्यांची यायची वेळ झाली.' प्रत्येक निरोप. यंत्राने तेच सगळ्यात मोठं धरलंय. पाणी जसं उताराला जातं, तसा रहिवासी त्याच्या सगळ्यात मोठ्या गोष्टीकडे जातो. त्यांची ती गोष्ट पुरी होत नाही, म्हणून बाकीचं सगळं आटत चाललंय."

"मग सांग की तिला. म्हणावं, नवरा हाय तुझा घरी, बरा हाय."

तसं सांगता येत होतं. आवाज नाही, पण दुसऱ्या रहिवाशाच्या तोंडी शब्द घालता येत होते. श्रावस्तीने वत्सलाबाईंच्या तोंडी घातले. सखाहरी दुर्बिणीला डोळा लावून बसला.

वत्सलाबाई कारंज्याशी आल्या आणि म्हणाल्या, "गजराबाई, सखाहरी ढवळे घरी आहेत हं. बरे आहेत. तुम्ही काळजी करू नका."

गजराबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

"कोण हो ते?" ती म्हणाली.

सखाहरीने डोळा काढला नाही. श्रावस्तीने घाईघाईने पडद्याच्या कळांवर बोटं चालवली, दोनदा शिव्या दिल्या, मग एकदम थांबली.

"आजोबा, आजी तुमचं नाव घेत होत्या?"

"कवा घेतंय बायमाणूस नवऱ्याचं नाव? लग्नात उखाण्यात घेतलं असंल, तेवढंच."

"त्याचं रेकॉर्ड?"

"त्या वक्ताला रेकॉर्ड करायला आमच्या वऱ्हाडात होतं काय? एक बाजा होता, त्योबी उसना."

श्रावस्ती हसली नाही. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. "माझी आजीपण 'आमचं माणूस' म्हणायची. माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आजींना तुमचं नाव माहीत होतं, आजोबा. चांगलं माहीत होतं. पण यंत्राला तेवढंच माहीत, जे बोललं गेलं. 'हे' माहीत आहे, 'अहो' माहीत आहे, 'आमच्याकडचे' माहीत आहे. पण त्या 'हे'ला नाव नाही, चेहरा नाही. त्या कुणाची वाट बघतायत ते त्यांना सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर पटत नाही."

"मानापायी केलं तिनं ते," सखाहरी म्हणाला. "मानापायी."

त्या दिवशी शैलाचा फोन आला. तिलाही सुरतेत बसून चित्र बघता येई आणि ती रडलेली होती.

"बाबा, आईला अशी उभी नका ठेवू. त्या पोरीला सांगा, ते वाट बघायचं काढून टाका तिच्यातलं. काढता येतं म्हणे."

"काढल्यावर?"

"हिंडंल, बोलंल. पहिल्यासारखी भांडंल भाजीवाल्याशी. तुम्ही रोज बघाल."

"आणि मी?"

"म्हंजे?"

"तिच्यात मी तेवढाच हाय गं. वाट बघण्यापुरता. ते काढलं तर तिथं मी काय राहिलो?"

शैला नाक ओढून म्हणाली, "तुमच्यासाठी नाही बाबा, तिच्यासाठी म्हणते."

"ती यंत्र हाय," सखाहरी म्हणाला. त्याने फोन ठेवला. दुसऱ्या सकाळी पडदा उजळायच्या आधीच तो दारात उभा होता.

श्रावस्तीने त्याला तिसरी वाट सांगितली, आणि सांगताना तिची नजर खाली होती. सखाहरीचाच रहिवासी करायचा. जिवंत माणसाचा करायला मनाई नव्हती. नावाची गरज नाही. ती त्याला चालीवरून ओळखेल, खोकल्यावरून ओळखेल. तिच्या निरोपांत मागे त्याचा खोकला होता, फाटकाचा आवाज होता, दारात चपला काढायची तऱ्हा होती. ते सगळं ती जाणत होती.

"मग कर की. त्यात काय एवढं?"

"आजोबा, तुम्ही आलात की आजी काय करतील?"

"काय करंल? घरला जाईल."

"घर चित्रात नाही."

सखाहरीने पडद्याकडे पाहिलं.

"त्या डाव्या गल्लीकडे जातील. तेवढीच वाट आहे बाहेर जायची. चौकटीच्या पलीकडे चित्रकाराने काही काढलेलं नाही. तिकडे गेलेला रहिवासी परत येत नाही. त्याला परत करताही येत नाही, कारण पुन्हा केला तर तो पुन्हा वाट बघायला उभा राहील. म्हणजे तेच."

"म्हंजे ती दिसायची नाही."

"नाही."

तो उठला आणि मूळ चित्रापाशी गेला. तिथे गजराबाई नव्हती. कारंज्याजवळ चित्रकाराने घातलेला एक टोपीवाला उभा होता, रंगाचे चार फटकारे नुसते. सखाहरीने पाठीमागे हात बांधले. त्याला आता रोज एक जागा होती जायला. टेकडी चढायची, श्रावस्तीशी दोन शब्द, मग ती. ही जागा गेली तर सकाळी उठून अंगावर सदरा कशाला चढवायचा हे त्याला कळत नव्हतं. आणि पाठीमागे पडद्यावर ती उभी होती, बारक्या आवाजात विचारत होती. कानात यंत्र नव्हतं तरी त्याला ते ऐकू येत होतं.

"घे माझी चाल," तो म्हणाला.

दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं होतं. तो चालला.

"आजोबा, मागे कुत्रं लागलंय का? सावकाश."

"माझी चाल हीच हाय."

"असू दे मग. खरी तीच हवी."

दुसऱ्या फेरीला तो मुद्दाम हळू चालला. श्रावस्तीने मान हलवली. तो तिसऱ्यांदा चालला, थांबला, आणि लाजल्यासारखा होऊन म्हणाला, "पोरी, एक सांगू? माझ्या हातात तिची पिशवी दे. चित्रात. पिशवी मी घीन, असं कर."

"तुम्ही घेत होता?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "न्हाई. मी फुडं असायचो."

"जे तुम्ही केलेलं नाही ते घातलं तर आजी ओळखणार नाहीत. परकं माणूस पिशवी ओढतंय म्हणून आरडाओरडा करतील."

"करंल," तो म्हणाला. "तिचा भरोसा न्हाई." आणि पुन्हा आपल्या चालीने, ताडताड, दालनाच्या टोकापर्यंत गेला. मग खोकला दिला. मग दोन-चार वाक्यं बोलला, जी तो नेहमी बोलत असे. ती फार नव्हती.

पुढच्या सकाळी व्हेरोनात ऊन चांगलं पडलं होतं. छत्र्यांच्या सावल्या आखूड होत चालल्या होत्या. गजराबाई कारंज्याजवळ होती. मनोऱ्याच्या बाजूने एक माणूस गर्दीतून येताना दिसला, वायरमनच्या खाकी कपड्यातला, मान पुढे काढून, झपाझप. सखाहरीला आधी तो ओळखूच आला नाही. आपण चालताना असे दिसतो हे माणसाला ठाऊक नसतं.

तो माणूस खोकला.

गजराबाईने मान वळवली. तिचा चेहरा दुर्बिणीत तांदळाएवढा होता, तरी त्याच्यात जे झालं ते सखाहरीला दिसलं. तिने पदर सावरला, पिशवी उचलली.

"आलासा व्हय? किती वाट बघायची माणसानं."

"तार तुटलेली," तो माणूस म्हणाला. "चल."

आणि तो पुढे निघाला. गजराबाई पिशवी या हातातून त्या हातात घेत त्याच्या मागे. दोघांच्या मधे बरंच अंतर.

"थांब की रं," सखाहरी पडद्याला म्हणाला. "गाढवा, थांब की."

तो थांबला नाही. पण गजराबाईला त्याचं काही नव्हतं. ती बोलत होती. इतक्या दिवसांचं साठलेलं बोलत होती, त्याच्या पाठीला. त्या मास्तरणीला भाजीतलं काही कळत नाही पण मन चांगलं आहे. इथल्या कारंज्याचं पाणी गोड आहे, आपल्या हौदासारखं मचूळ नाही. तो लाल कोबी शेवटी घेतलाच, कडू निघाला तर तुमच्या ताटात वाढीन, तुम्हाला कुठं चव कळतेय. मग ती स्वतःच हसली. तुमचा गुडघा दुखतोय, चालीवरून कळतंय मला, सांगत न्हाई तुम्ही. शैलीला म्हटलं, तुझ्या बापाला विचारलं तर म्हणंल काय न्हाई झालं. खांबावर चढायचं वय राहिलंय का आता?

सखाहरीने कानातलं यंत्र दोन्ही हातांनी दाबून धरलं. जन्मभर हे सगळं त्याच्या मागे चाललेलं होतं. त्यातलं खरं किती आणि यंत्राने जुळवलेलं किती हे त्याला कुणी सांगू शकलं नसतं, आणि त्याने विचारलंही नसतं.

पुढचा माणूस गल्लीच्या तोंडाशी पोचला आणि आत वळला. चौकटीच्या कडेला त्याचा खांदा अर्धा राहिला, मग तोही गेला.

गजराबाई कोपऱ्याशी आली. तिने पिशवी एका बाजूला घेतली आणि पाऊल उचलता उचलता विचारलं, "अहो, रात्रीला काय करू?"

गल्लीतून काही उत्तर आलं नाही. ती थोडी थांबली. उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक असावं. तिने विचारायचं म्हणून विचारलं होतं. ती वळली.

चौकात भाजीवाले ओरडत होते. कारंज्याजवळून चित्रकाराचं एक कुत्रं गेलं. वत्सलाबाई छत्रीखाली बसून कोबीचं पान सोलून बघत होत्या. श्रावस्ती जवळ आली, पण सखाहरीचा डोळा दुर्बिणीला होता म्हणून जरा वेळाने आपल्या जागी गेली. उन्हं मनोऱ्यावर चढली तरी तो तसाच बसून होता. गल्लीच्या तोंडाशी नुसती कोपऱ्याची भिंत होती, आणि भिंतीवर ऊन.

"पिठलं कर," सखाहरी म्हणाला.

थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "भाकरी मऊ टाक. दात गेलेत माझे."